चार टर्की

पुएब्लाच्या दफ्तरखान्यात, खिडकीपासून तिसऱ्या टेबलावर
एउफेमियाने शालीची गाठ सोडली.
आत सुक्या लाल मिरच्या, कसर लागू नये म्हणून,
आणि मिरच्यांच्या आत अख्खं गाव.

"आमच्या गावाचा जन्मदाखला," डॉन अनासेतो म्हणाले.
हॅट छातीशी धरलेली.
"सन पंधराशे चौतीस. राजाच्या माणसाने दिलेला."

मी हात धुतले, कोरडे केले.
उंबराच्या जातकुळीतल्या झाडाची साल,
दगडाने कुटून कुटून पसरलेली,
धड भाकरी नाही, धड कापड नाही.
अक्षरं बोटभर जाड,
जणू कुणी बहिऱ्याशी बोलतंय.

वास घेतला. धूर.
पण चुलीचा धूर कडेकडेने शिरतो, दुमडीत बसतो,
घरजावयासारखा मुक्काम ठोकतो, वर्षानुवर्षं.
हा धूर एका रात्रीत दिलेला,
सगळीकडे सारखा, अंगभर हळद लावावी तसा.
चित्रातल्या देवळाला दोन घंटा.
दुसरी तर भूकंपानंतर बसवली,
शंभर वर्षांनी.

आणि हा हात माझ्या ओळखीचा.
सात गावांचे जुने कागद याच हाताचे,
सातही गावांत साक्षीदार तोच,
त्याच त्या जुळलेल्या भिवया.
सोळाशे नव्वदच्या आसपास
खेचरावर रंगाच्या वाट्या बांधून हिंडणारा कुणी,
ज्यांच्याकडे दाखवायला कागद नाही
त्यांचा पत्ता विचारत.

हे सगळं मी सांगितलं, जमेल तितकं हळू.
डॉन अनासेतोंनी हॅट दुसऱ्या हातात घेतली.
"राजाचा माणूस, असं बाहेर सांगतात, ताई.
घरात सांगतात: चार टर्की.
आणि एक लंगडं डुक्कर."

त्याच खटल्यात दुसरा कागद होता,
ला नोरिया हासिएंदाचा.
चिंध्यांचा, उंची, उजेडाला धरला की
आत क्रूस आणि दोन वर्तुळं.
शाई लोहाची; जिथे टाक अडखळला
तिथे कागद खात गेलेली.
नोटरी खरा, सही खरी,
नोटरीच्या मरणाचीही नोंद सापडली.
नखाएवढी खोट नाही कुठे.
मजकूर असा:
सदर जमीन ओसाड. मनुष्यवस्ती नाही.

मार्चमध्ये मी तेकुइलोत्लाला गेले,
नकली कागदाची नक्कल काखेत मारून.
हरणं पाणी पितात तो खडक.
म्हातारीचं निवडुंग (म्हातारी कोण, ते कुणालाच ठाऊक नाही).
एउफेमिया पुढे, मी पानं उलटत मागे,
आणि एकेक खूण पायाखाली येत गेली.
सहाव्या पानावर एका कोपऱ्यात
त्या भामट्याने तपकिरी ओघळ रंगवलाय.
मला वाटायचं, डाग पडला असेल.
तिथे माझा बूट रुतला.

म्हणजे तो हिंडला होता.
चार टर्कींच्या मोबदल्यात शीव पायांनी मोजली होती,
ऊन डोक्यावर घेऊन,
आणि मग रात्री बसून तारीख खोटी घातली.

नववी खूण काही मिळाली नाही.
तिथे ला नोरियाची तार होती,
तारेपलीकडे गाई.

अहवालाच्या छापील फॉर्मवर चौकटी दोनच.
मी बनावट चौकटीत खूण केली.
दुसरीत केली असती तर
तो भिवयांचा साक्षीदार आणि मी, एकाच पंगतीत.
मग खाली शेऱ्याच्या ओळीत लिहायला घेतलं,
ओळ संपली, समासात लिहिलं,
पाठ भरली, तीन पुरवण्या लावल्या:
चिखल, निवडुंग, गाई,
आणि ओसाड या एका शब्दावर दीड पान.
साहेब म्हणाले, एवढं कोण वाचणार?

निकाल अजून लागायचाय.
जूनमध्ये डॉन अनासेतो पुन्हा आले,
बगलेत जिवंत टर्की.
मोबदला घेता येत नाही, म्हटलं, नियम आहे.
त्यांनी मान हलवली, पाणी प्यायले, गेले.

टर्की दोन दिवस अंगणात ओरडत होती.
आवक-वहीत कारकुनाने नोंद केली आहे:
एक नग. मालक अज्ञात.